विजयमालेच्या सात पिढ्या

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार. वाशीम.

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी वाटलं होतं, आता आयुष्यात चुकीची उत्तरं तपासावी लागणार नाहीत. भ्रम होता. आज किन्हीराजाचे जानराव आले, दोन कप चहा घेतला आणि माझ्या ओसरीवर बसून जे बोलले त्याला मी शंभरपैकी शून्य देते.

जानराव म्हणजे विजयमालेचे होणारे सासरे. वीस एकराचे शेतकरी, तिथल्या चार ख्रिस्ती घरांपैकी एक. मुलगा जगदेव मंगरूळपीरच्या तहसिलीत कारकून आहे. पोरगा सरळ आहे, समोर बघून बोलतो, अक्षर वळणदार आहे. साखरपुडा झाला, दहा जानेवारी तारीख ठरली. आणि आता हे म्हणतात:

"बाई, रागाऊ नका, पन पोरीच्या सात पिढ्यायची नावं लिहून पाह्यजेत."

"कशाला? पेरायची आहेत?"

"आमच्या घरचा रिवाज हाये. नावं पाह्यल्याबिगर सोयरिक पक्की होत नाई."

"जानराव, तुमच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला ना? तेव्हा हा रिवाज पाण्यात सोडला नाही का?"

"बाप्तिस्म्यानं धरम बदलते बाई. कूळ कसं बदलन?"

आणि वर, डिसेंबरअखेर यादी मिळाली नाही तर तारीख पुढं ढकलू, म्हणाले. पुढं ढकलू म्हणजे काय ते मला कळतं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले नाही.

२० नोव्हेंबर

या वहीत तरी खरं लिहावं.

विजयमाला माझ्या भावाची मुलगी आहे असं वाशिमात सगळे समजतात, कारण मीच शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलं. मला भाऊ असता तर ती त्याची मुलगी असती, इतपत ते खरं होतं. चौतीस साली मिशनच्या दवाखान्यात एक अडलेली बाई आणली होती. ती काही सांगत होती, कोणाला भाषा समजेना, म्हणून नर्सबाईंनी मला बोलावणं पाठवलं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईला सगळ्या भाषा येतात असा त्यांचा समज. मला इंग्रजी येतं, थोडं फ्रेंच येतं. ती जे बोलत होती त्यातलं एक अक्षर आलं नाही. दुपारपर्यंत ती गेली. मुलगी राहिली.

विजयमालेला हे बारा वर्षांची असताना मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भूगोलाचा अभ्यास पुढं चालू केला. आता ती माझ्याच शाळेत तिसरीला शिकवते. जानरावांची मागणी तिला अजून सांगितलेली नाही.

२ डिसेंबर, रविवार

आपले नवे पाळकसाहेब अठ्ठावीस वर्षांचे आहेत आणि तसेच वागतात. आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. मत्तयाचा पहिला अध्याय, येशूच्या वंशावळीचा, वाचायला घेतला आणि अब्राहामावरून एकदम योसेफावर उडी! मधली चाळीस माणसं गायब. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ती मंडळी कुठं गेली?"

"बाई, नुसती नावं आहेत. लोक जांभया देतात."

"लोक तुमच्या प्रवचनालाही देतात. ते तुम्ही गाळता का?"

विजयमालेनं माझा दंड धरून मला तिथून नेलं. रस्ताभर हसत होती.

४ डिसेंबर

लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते. आज मी एक खोटं केलं, आणि तेही बायबल समोर उघडून.

तीन वेळा जानरावांना पत्र लिहिलं, की मुलीचं कूळ ठाऊक नाही, करायचं ते करा. तिन्ही फाडली. सकाळी विजयमाला आरशासमोर उभी राहून अंबाड्यात शेवंती खोवत होती आणि बेसूर गुणगुणत होती. ती बावीस वर्षांत कधी गुणगुणली नाही. मी चौथं पत्र लिहिलंच नाही. यादी लिहिली.

सात नावं मनानं रचता येईनात. शेवटी मत्तय काढला. बाबेलच्या बंदिवासानंतरची जी माणसं आहेत, त्यांची नावं कोणालाच पाठ नसतात. अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद, एलाजार, मत्तान, याकोब. मोजले तर बरोबर सात. अज्जूरचा केला अर्जुनजी, सादोकचा सदोबा, याखीमचा यशवंता. मग हिलाजी, लहानुजी, मोतीराम आणि एकोबा. वाचून बघितलं तर वऱ्हाडातलं कुठलंही घर वाटावं.

पण नक्कल करताना टाक थांबला. ही माणसं कोण? अब्राहामाची गोष्ट सांगता येते, दावीदाची तर पोरीसोरींनाही येते. या सातांची एकही नाही. ना लढाई, ना दृष्टांत, ना एखादं मोठं पाप. सादोक जगला, त्याला याखीम झाला, संपलं. त्यांच्या अंगणात देवदूत कधी आला नाही. शेजारच्या परक्या शिपायाला सलाम करायचा, शेरडं आत घ्यायची, पोराला चार अक्षरं आणि प्रार्थना शिकवायची, आणि मरायचं. आपण कशाच्या मधोमध उभे आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं. तारणारा येणार हे देवाचं अभिवचन त्यांच्या हातून पुढं गेलं ते पाण्याच्या बादलीसारखं. आग कुठं लागली आहे ते न बघता शेजाऱ्याकडून घ्यायची आणि पुढच्याला द्यायची. तरी कोणीतरी बसून एकेकाचं नाव लिहिलं. एकही गाळला नाही.

आणि अशा माणसांना मी पागोटी बांधून लबाडीच्या कामाला लावलं. पाळकसाहेबांनी त्यांना नुसतं गाळलं होतं. माझं पाप मोठं आहे.

६ डिसेंबर

जगदेव कामासाठी वाशिमात आला होता. त्याच्याकडे लखोटा दिला. तो घेताना विचित्र नजरेनं बघत होता. "बाई, याची खरंच गरज आहे का?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांना विचार." बिचाऱ्यानं लखोटा खिशात घातला.

९ डिसेंबर, रविवार

संकट. बाजारात जानराव भेटले. चेहरा असा फुललेला की मी दुसऱ्या गल्लीत वळणार होते.

"बाई, काय घरानं हाये! मोतीराम, लहानुजी! मी म्हनलो होतो ना, पोरीच्या चालीतच दिसते. आता असं करा, गुरवारी आमच्याकडं जेवाले या. आमचा भाट येऊन राह्यला. त्याच्या बहीत हे नावं कोन्या शाखेत बसतात थे पाहून घेऊ."

हा भाट म्हणजे पिढ्या लिहिणारा. या लोकांकडे पाच-पंचवीस गावच्या घराण्यांच्या वह्या असतात, लाल फडक्यात गुंडाळलेल्या. कोणाचा बाप कोण, आजा कोण, कुठून आला, सगळं. सुगी झाली की गावोगाव फिरतात. जानरावांकडे तो चाळीस वर्षांत आला नव्हता म्हणे. आता मुलाचं लग्न म्हणून यांनी निरोप पाठवून मुद्दाम बोलावला आहे. मत्तान आणि एलाजारला शोधायला!

भाजी न घेता घरी आले.

१० डिसेंबर

विजयमालेला सगळं सांगितलं. मागणी, यादी, भाट. मला वाटलं होतं रडेल किंवा हसेल. तिनं यादीची कच्ची प्रत मागितली, वरपासून खालपर्यंत वाचली, घडी करून परत दिली.

"जगदेवला मी पहिल्या भेटीतच खरं सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

तिनं त्याला सांगितलं होतं! मग मी हे कोणासाठी केलं?

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. गुरुवारी किन्हीराजाला जाऊन भाटानं बही उघडण्याआधी मी खरं सांगणार. लग्न मोडेल. मोडू दे म्हणायला मी बसले होते, पण लिहिताना हात त्या शब्दावर जात नाही.

१३ डिसेंबर, गुरुवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळच्या मोटारीनं मी आणि विजयमाला निघालो. वाशीमजवळच्या मालेगावला मोटार बदलली. दोन्ही बाजूंना वेचणीच्या बाया, पांढरी शेतं. विजयमाला खिडकीबाहेर बघत होती. मी मनातल्या मनात कबुलीची वाक्यं घोकत होते.

जानरावांच्या घरी पोचलो तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली, मागच्या खोलीत कापसाचा ढीग, आणि मधोमध भाट. हेमसिंग नाव, सत्तरीचा, पांढऱ्या मिशा. जगदेव रजा काढून आलेला. जानरावांची बायको तुळसाबाई दाराशी तूर सोलत बसलेल्या. जाड, काळ्याभोर, लिहितावाचता न येणाऱ्या, आणि डोळे असे की आपल्या मनातलं वाचावं.

मी चप्पल काढताकाढताच म्हटलं, "जानराव, आधी माझं ऐका."

"बसा तं खरं बाई! आधी आमचं वाचू द्या. पाहुन्यायले आमचं घर कळू द्या."

मला बोलू दिलं असतं तर पुढचं घडलं नसतं. हेमसिंगनं फडकं सोडलं, बहीला हात लावून कपाळाला लावला, आणि सुरात वाचायला लागला. अमक्याचे बेटे तमके, तमक्याचे बेटे अमके. जानराव प्रत्येक नावाला मान हलवत होते आणि माझ्याकडे बघत होते, की बघा. "आबाजी के बेटे केरबा," हेमसिंग म्हणाला आणि थांबला.

"हां, केरबा माहा बाप," जानराव म्हणाले. "वाचा पुढं."

"पुढं नाही, पाटील."

"नाई कसं? मी हाये ना."

हेमसिंगनं बही त्यांच्याकडे वळवली. केरबाच्या नावाखाली आडवी रेघ होती. "मेरे बाप के हात की है. लिहिलंय, केरबा निपुत्रिक. शाखा बंद. ख्रिस्ती झाले ना तुम्ही लोक. मग आमच्याकडे घर राहत नाही. तुमचा निरोप आला तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुठल्या जानरावाचा असेल."

पासष्ट वर्षांचा माणूस समोर बसलेला, आणि पुस्तक म्हणतं याच्या बापाला मूल झालं नाही.

खरं लिहायचं तर मला आधी आनंद झाला. मोठा आनंद. शाळेत चढेल मुलीचं गणित फळ्यावर चुकलं की होतो तसा. मग जानरावांचं बोट दिसलं. ते त्या रेघेवरून पुढंमागं फिरत होतं, जणू खाली काही लिहिलेलं असेल आणि पुसट झालं असेल.

म्हणून मी बोलले. घोकलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "जानराव, माझी यादी खोटी आहे. विजयमालेच्या आईचं नावसुद्धा मला माहीत नाही. ती दवाखान्यात वारली. तुमचा मोतीराम म्हणजे बायबलातला मत्तान. सातही तिथूनच उचलले."

जानरावांनी मान वर केली. "बायबलातून चोरले?"

"हो."

"आन् मी भर बाजारात त्याईची तारीफ केली?"

दाराशी तुळसाबाई हसायला लागल्या. तुरीचं सूप मांडीवरून घसरलं तरी हसतच होत्या. "आवं, काई चुकलं नाई तुमचं! देवाच्या पोराचे आजे-पंजे हायेत थे. त्याहून मोठं घरानं कोन्तं पाह्यजे?" मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "वाचा ना बाई थे. मले कोनी कदी पुरं वाचून नाई दाखवलं. पाळक तं गाळूनच टाकते."

जगदेवनं बायबल आणून दिलं. मी पहिल्यापासून वाचलं, एकही न गाळता. तामार, राहाब, रूथ या बायांपाशी तुळसाबाईंनी मला थांबवून प्रत्येकीची माहिती विचारली. "म्हंजे परक्या जातीच्या हायेत तं या," म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलं. जानराव जमिनीकडे बघत होते. मी मत्तानावरून याकोबावर आले, याकोबावरून योसेफावर, मरीयेचा नवरा.

"थांबा बाई," तुळसाबाई म्हणाल्या. "येशू योसेफाच्या पोटचा नव्हता ना?"

"नव्हता."

"मंग हे सारे आजे योसेफाचे. येशूले कोन्या नात्यानं लागले?"

मी तीस वर्षं हा अध्याय शिकवला आहे. परीक्षेला घातला आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. म्हटलं, "योसेफानं त्याला आपला म्हटलं. नाव ठेवलं. वाढवलं."

"मंग पोसनाऱ्याचीच वंशावळ लागली की! देवाले चालली, आन् आमच्या घराले चालत नाई? पोरीच्या पिढ्या तुमच्याकडून मोजा ना. एवढ्या शिकलेल्या बाई, एवढं सोपं कसं सुचलं नाई तुमाले?"

"माझ्याकडून मोजल्या तर एकच भरते, तुळसाबाई," मी म्हटलं. "एकोणीसशेच्या दुष्काळात सिस्टरांना मी रस्त्यावर सापडले. वय चार असावं. रजिस्टरात नावाच्या जागी त्यांनी मार्था लिहिलं, कारण त्या दिवशी संत मार्थेचा सण होता. माझ्यामागे कोणी नाही."

हे मी का सांगितलं ते कळत नाही. कोणी विचारलं नव्हतं.

"एक तं एक," तुळसाबाई म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

जानरावांनी हेमसिंगची बही मिटली, स्वतःच्या हातानं लाल फडकं गुंडाळलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "माह्याबी एकच हाये आता," ते म्हणाले. "बराबरीची सोयरिक झाली, बाई."

हेमसिंग अवघडून उठायला लागला, तर तुळसाबाईंनी खाली बसवला. "बहीत नसलो म्हनून काय झालं, आमच्या घरी सयपाक होते. जेवून जा." तो चार भाकरी जेवला. मीही जेवले. चार दिवसांनी अन्नाला चव होती.

परतीच्या मोटारीत विजयमाला म्हणाली, "बाई, मी रागावले होते ते खोटेपणासाठी नव्हतं."

"मग कशासाठी?"

"तुम्ही सात पुरुष शोधून आणलेत. तुमचं नाव कुठंच नव्हतं त्यात."

मी तिला सांगितलं की रस्ता खराब आहे, दांडी धरून नीट बस. डोळ्यांत धूळ गेली होती. मालेगाव ते वाशीम धूळ फार उडते.

१४ डिसेंबर

नऊ तास झोपले. दूधवाला दार वाजवून निघून गेला.

२३ डिसेंबर, रविवार

पाळकसाहेबांना म्हटलं, आज पहिला अध्याय पुन्हा वाचा, आणि जीभ अडखळत असेल तर मी वाचते. त्यांनी सुटका झाल्यासारखं पुस्तक माझ्या हातात दिलं. नावं वाचायची असतात ती हाक मारल्यासारखी, हजेरी घेतल्यासारखी, मध्ये श्वास ठेवून. म्हणजे एखाद्याला "हजर" म्हणायला जागा राहते. दोघांनी जांभया दिल्या. दोघेही माझे जुने विद्यार्थी, त्यांना मी बघून ठेवलं आहे.

१० जानेवारी १९५७

लग्न झालं.

तपशील उद्या लिहीन, पाय सुजले आहेत. नवरीची साडी चांगली चापून बसली होती. पेटीवाला दुसऱ्या गाण्यात चुकला. किन्हीराजाहून दोन बैलगाड्या आणि एक भाड्याची मोटार भरून लोक आले होते, आणि तुळसाबाई माझ्याच बाकावर येऊन बसल्या, वरपक्षाची जागा सोडून.

आशीर्वादानंतर पाळकसाहेबांनी रजिस्टर उघडलं. वराचं नाव, वराच्या वडिलांचं नाव, वधूचं नाव. तिथं पोचल्यावर लेखणी वर धरून ते माझ्याकडे बघायला लागले. शाळेच्या दाखल्यावर मी जे लिहून ठेवलं होतं ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि विजयमालेनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"वधूच्या वडिलांचं नाव?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मार्थाबाई," जानराव म्हणाले.

"पण हा रकाना वडिलांचा आहे, जानराव."

"मंग रकाना खोडा. नाव नोका खोडू."

पाळकसाहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं. त्यांचं अक्षर फार वाईट आहे. तरी मी गुण कापले नाहीत.